पाठवणीचा गुलाब

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राज्य कोणाचं होतं हे आता कोणालाच सांगता यायचं नाही, आणि आपलं त्यावाचून काही अडतही नाही. कारण ही गोष्ट राजाची नाही. एका बापाची आणि त्याच्या लेकीची आहे.

उत्तरेला एक धुक्याचा देश होता. तिथे ऊन घाईतल्या पाहुण्यासारखं यायचं, बसलं न बसलं तोच निघायचं. त्या देशात घरोघर झुडपी गुलाब असत. फूल वाटीएवढं, आत पाकळ्यांची नुसती दाटी, आणि वास असा की रस्त्याने जाणाऱ्याने थबकावं. हा बाप तिथलाच. गुलाबातलं त्याच्याइतकं कोणाला कळत नाही असं लोक म्हणत, आणि त्यालाही ते मनोमन पटलेलं होतं.

त्याची एकुलती एक लेक दूर दक्षिणेला, उन्हाच्या देशातल्या एका विणकराला दिली. पाठवणीच्या वेळी बापाने गुलाबाचं एक झुडूप मुळांच्या मातीसकट ओल्या गोणपाटात बांधून तिच्या हाती दिलं. तशी तिथली रीतच होती. रीतीचा पुढचा भाग मात्र कठीण होता. त्या झुडपाला सासरच्या अंगणात पहिलं फूल येईपर्यंत माहेरच्या माणसाने मुलीच्या दारी जायचं नाही, आणि मुलीनेही माघारी यायचं नाही. येणंजाणं राहिलं तर मुलीचं मन सासरी रुजत नाही, असं ते लोक मानत.

बाप म्हणाला, "रडू नकोस. झुडूप उघड्यावर लाव, त्यावर सावली पडू देऊ नकोस. आणि थंडी पडली की वीतभर खोड ठेवून बाकी सगळं छाटून टाक. एवढं नेमानं कर. पहिलं फूल व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर धाडून दे, की मी निघालोच."

"नक्की याल ना, बाबा?"

"फूल येऊ दे. मी आलोच म्हणून समज."

बापाचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या देशात थंडीत बर्फ पडे आणि न छाटलेली फांदी काळी पडून मरे. छाटलेलं झुडूप मात्र बर्फाखाली निजून राही आणि उन्हाळ्यात फुलांच्या भाराने वाके.

लेक जिथे गेली तिथे बर्फ कोणी पाहिलाच नव्हता. तिथल्या उन्हाळ्यात भर दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नसे. विणकराच्या अंगणात एक जुना कडुनिंब होता. त्याच्या सावलीत जागा होती, पण लेकीने झुडूप लावलं ते मोकळ्या अंगणाच्या मधोमध. उन्हाळ्यात पानं करपली, आलेली एखादी कळी भाजून गळाली. पावसाळ्यात झुडूप जरा सावरलं. आणि थंडी लागली तसं ते खुशीत आलं. तिथली थंडी म्हणजे हवेत जरासा गारवा, गुलाबाला हवा होता तेवढाच. शेंड्याशेंड्याला मुगाएवढ्या कळ्या धरल्या.

लेकीने कात्री आणली.

सासूबाई ओसरीवर सूत गुंडाळत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, थांब जरा. कळ्या धरल्यात त्यावर. राहू दे की."

"थंडीत छाटायचं असतं. बाबांनी सांगितलंय."

"त्यांच्याकडे असेल तसं. पण इथं..."

"माझ्या बाबांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का गुलाबातलं?"

सासूबाई सूत उचलून आत गेल्या. बाई मनाने वाईट नव्हती, पण शब्द लागला होता. लेकीने कळ्यांसकट फांद्या उतरवल्या. छाटताना तिला वाटत होतं, आपण बाबांना एकेक पाऊल जवळ आणतोय.

अशी वर्षं गेली. दर थंडीत कळ्या धरत, दर थंडीत कात्री चाले. सासूबाईंना सगळं दिसे, आणि त्या तोंड फिरवून आत जात.

तिकडे बाप दरवर्षी वेशीवर उभा राहून तांड्याची वाट पाही.

"फूल धाडलंय का?"

"नाही, बाबा," तांड्याचा म्होरक्या सांगे.

मग तो विचार करी आणि परतीच्या तांड्याबरोबर निरोप देई, "छाटणी कमी पडतेय. आणखी खाली ने." उन्हाचा देश त्याने जन्मात पाहिला नव्हता, पण सल्ला द्यायला त्याचं काही अडलं नाही. निरोप मिळाला की लेक आणखी खाली छाटी.

शेजारी म्हणत, "अहो, वय झालं तुमचं. एकदा जाऊन भेटून या. कोण बघतंय?"

"फुलाआधी बाप दारी गेला तर लेकीचा पाय सासरी ठरत नाही," तो म्हणे. प्रवासासाठी त्याने नवे जोडे करून दाराशी ठेवले होते. चामडं कडक होऊ नये म्हणून तो त्यांना तेल लावी, आणि पुन्हा जागेवर ठेवी.

एका वर्षी थंडीच्या तोंडावर तांडा आला. लेक कात्री घेऊन अंगणातच उभी होती. तांड्याच्या म्होरक्याने निरोप सांगितला नाही. त्याने ते जोडे तिच्या पुढ्यात ठेवले. चामडं मऊ होतं, आणि तळव्यांना धुळीचा कणही लागलेला नव्हता.

लेकीच्या हातातून कात्री गळून पडली. त्या थंडीत ती झुडपाकडे फिरकलीच नाही. कोणासाठी छाटायचं आता?

आणि झुडूप फुललं. एके सकाळी दार उघडलं तर अंगणभर बाबांच्या बागेचा वास. वाटीएवढी फुलं, पाकळ्यांनी गच्च. लेक उंबऱ्यावरच बसली आणि तोंडात पदर कोंबून रडू लागली.

सासूबाई तिच्या शेजारी येऊन बसल्या. "दरवर्षी यायच्या गं कळ्या," त्या म्हणाल्या. "मला दिसायच्या. मी बोलले नाही."

"बोलला होता तुम्ही," लेक म्हणाली. "मीच ऐकलं नाही."

तांडा परत निघाला तेव्हा रीतीप्रमाणे तिने पहिलं फूल खुडलं आणि म्होरक्याच्या हाती दिलं.

"कोणाला देऊ, बाई?" त्याने विचारलं.

ती पदराने डोळे टिपत घरात गेली. तो बिचारा फूल हातात घेऊन आपल्या वाटेने गेला.

मुलांनो, ऐका, आणि मुलांच्या आईबापांनी आधी ऐका: मायेने दिलेला सल्लाही नव्या मातीत त्या मातीला विचारूनच पाळावा, नाहीतर ज्याच्यासाठी तो पाळला तेच माणूस हातचं जातं.