सुईणबाई शिडाच्या फळीवर

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कुणाच्या ओठांवर उरलेलं नाही. त्या राज्याच्या टोकाला एक खाडी होती. खाडीच्या काठाला गाव होतं आणि मध्यावर एक बेट. बेटावर पागी लोकांची लहानशी वस्ती होती; पाण्यात जाळं फेकून मासे धरायचे आणि पोट भरायचं, हा त्यांचा उद्योग.

त्या खाडीचं पाणी मोठं लहरी. भरतीला होडी सुखाने चाले, पण ओहोटीला गाळात रुतून बसे. उतरून चालत जावं, तर माणूस कमरेपर्यंत चिखलात जाई. म्हणून बेटावरच्या लोकांनी एक युक्ती काढली होती. हलक्या लाकडाची एक लांबरुंद फळी, तिच्या मधोमध दोरखंडाने बांधलेला बांबू आणि त्या बांबूला विणलेल्या चटईचं शीड. फळीवर उभं राहायचं, शीड दोन्ही हातांनी पेलायचं आणि वारा नेईल तसं, पण आपल्याला हवं तिकडे, निघायचं. गुडघाभर पाण्यातूनही ती फळी बदकासारखी जाई. मात्र तिच्यावर माणूस मावे एकच. दुसरा चढला, की दोघेही पाण्यात.

काठावरच्या गावात भिवरा नावाची सुईण राहत असे. पन्नाशी उलटली होती, पण हात अजून लोण्यासारखे मऊ आणि खात्रीचे. गावातल्या निम्म्या माणसांना या जगात पहिला आधार मिळाला होता तो तिच्याच हातांचा. अशी धीराची बाई, पण पाण्याला मात्र भ्यायची. बेटावर जायची वेळ आली, की होडीत डोळे गच्च मिटून बसायची.

एके दिवशी बेटावरून हाक आली. धाकू नावाच्या पाग्याच्या बायकोला कळा लागल्या होत्या. भिवरा धावतपळत काठावर आली, पण पाणी ओसरलं होतं. होडी थोडी पुढे सरकली आणि गाळात बसली. भरती येईपर्यंत भिवरा काठावर येरझाऱ्या घालत राहिली. शेवटी ती बेटावर पोहोचली, तेव्हा आईही गेली होती आणि बाळही.

धाकूने तिला एका शब्दाने दोष दिला नाही. तिच्या पायांना चिखल लागलेला पाहून तो आत गेला आणि पाय धुवायला तांब्याभर पाणी घेऊन आला. त्या पाण्यानेच भिवराच्या काळजाला घरं पडली. त्याने चार शिव्या दिल्या असत्या, तर तिला सोसल्या असत्या.

सुतक फिटल्यावर ती पुन्हा बेटावर गेली.

"धाकू, मला ती शिडाची फळी शिकव," ती म्हणाली.

"माय, या वयात? पडशील."

"पडेन तर पडेन. मी वाट बघत उभी राहिले, त्यापेक्षा पडलेलं बरं."

धाकूने एकवार पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "उद्या तुझ्या काठावर फळी घेऊन येतो. लुगड्याचा कासोटा घट्ट मारून ये."

छातीइतक्या पाण्यात धाकूने फळी धरली. भिवराने एक पाय ठेवला, आणि दुसरा उचलण्याआधीच फळी गर्रकन फिरली. भिवरा पाण्यात. पुन्हा चढली, पुन्हा पाण्यात. कशीबशी उभी राहिली, तर पाण्यात आडवं पडलेलं शीड दोरीने ओढून उभं करायचं होतं. भिजलेलं शीड म्हशीसारखं जड. तिने दातओठ खाऊन ओढलं. शीड एकाएकी सुटून वर आलं आणि भिवरा पाठीवर कोसळली. वरून शीड तिच्या अंगावर पडलं. खाली अंधार, नाकातोंडात खारं पाणी. संपलं सगळं, असं तिला वाटलं.

तेवढ्यात एका हाताने तिला दंडाला धरून बाहेर खेचलं. धाकूच होता. भिवरा त्याच्या खांद्याला धरून लहान मुलीसारखी रडली.

"बास झालं रे. हे माझं काम नव्हे."

"बरं," धाकू म्हणाला. शीड गुंडाळता गुंडाळता तो हळूच बोलला, "पण माय, आज तू पाण्याखाली गेलीस आणि परत आलीस. काल तुला कुठे ठाऊक होतं, की परत येता येतं?"

भिवरा ओलं लुगडं पिळत घरी गेली. पण दुसऱ्या दिवशी ती त्याच्याआधी काठावर हजर होती.

जवळच काही बायका खडकांवरच्या शिंपल्यांतून कालवं काढत बसलेल्या असत. त्यांना तर रोजची करमणूकच झाली. भिवरा बुडी मारून वर आली, की त्या ओरडत, "जन्मली गं बाई, जन्मली! सुईणबाई पुन्हा जन्मली!"

भिवराला आधी संताप येई. सगळं गाव तिला मान देई, आणि या बायका खुशाल दात काढतात! ती अंग ताठ करी, पायांकडे डोळे वटारून बघे, मुठी आवळी, आणि जितकी ताठ होई तितकी लवकर पडे.

एकदा ती वर आली, तेव्हा तिच्या डोक्यावर शेवाळाचा झुबका बसलेला. बायका ओरडल्या, "जन्मली! आणि या खेपेला जावळासकट!" भिवराने डोक्याला हात लावून पाहिला आणि तिचं तिलाच हसू फुटलं. हसत हसतच ती फळीवर चढली, हसत हसत तिने शीड ओढलं. हसण्याने गुडघे सैल पडले, पाठ लवचीक झाली. आणि पाहते तर काय, फळी चालली होती! पायाखाली पाणी सळसळत होतं, आणि भिवरा उभी होती.

बायकांचं हसणं थांबलं. मग त्यांनी असा काही गलका केला, की झाडांवरचे बगळे उडाले.

पण चालणं आलं, तरी वळणं आलं नव्हतं. वारा तिला दूर तिवरांच्या झाडीपर्यंत घेऊन गेला आणि ती तिथेच अडकली. तेव्हा त्याच बायका कालवांच्या टोपल्या टाकून काठाकाठाने तिथवर आल्या. त्यांनी फळीला दोर बांधला, तिला ओढत परत आणलं, शेकोटीपाशी बसवलं आणि भाकरीवर भाजलेली कालवं वाढली. हाताला फोड आलेले, तर एकीने घास भरवला.

 जन्मभर भिवरा दुसऱ्यांच्या हाकेला धावली होती. आपल्याही हाकेला कुणी धावतं, हे तिने कधी अनुभवलंच नव्हतं. ती म्हणाली, "बायांनो, मी तुमच्यावर रागावत होते. पण तुम्ही हसला नसतात, तर मी अजून पडतच राहिले असते."

आणखी एक गोष्ट तिला जमत नव्हती. वाऱ्याचा झोत आला, की ती शीड छातीशी आवळी आणि फळीसकट उलटी होई.

"झोताशी झगडू नकोस, माय," धाकू सांगे. "मागचा हात सैल सोड. त्याला जाऊ दे."

एक दिवस भिवराने कपाळावर हात मारला. "अरे, हेच तर मी प्रत्येक बाळंतिणीला सांगते! कळ आली की मुठी आवळू नको, अंग सैल सोड, कळ जाऊ दे. लोकांना सांगून सांगून माझी जीभ झिजली, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा विसरले."

दिवस गेले, वाऱ्याचा जोर वाढला. एका सकाळी ऐन ओहोटीला धाकू फळीवरून येताना दिसला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"माय, माझी बहीण… बाळ आडवं आहे."

भिवराने तेलाची कुपी कमरेला बांधली आणि धाकूने तिच्यासाठी बनवून दिलेली फळी पाण्यात ढकलली. धाकू त्याच्या फळीवर पुढे, भिवरा तिच्या फळीवर मागे. वारा नुसता पिसाळला होता. मध्यावर एका झोताने तिला उचललं आणि गाळात फेकलं. धाकूने मागे पाहिलं आणि तो फळी वळवू लागला.

"वळू नकोस!" भिवरा चिखलातून ओरडली. "तू पुढे जा, पाणी तापवायला सांग! मला उठता येतं!"

तिला खरोखरच उठता येत होतं. गाळात पाय रुतत होते, म्हणून ती पोटावर सरकत फळीवर चढली. शीड ओढलं. पुढचा झोत आला, तेव्हा तिने मागचा हात सैल सोडला. झोत निघून गेला आणि भिवरा उभीच राहिली.

नखशिखान्त चिखलाने माखलेली ती बाई धाकूच्या दारात पोहोचली. हातपाय धुऊन, तेल लावून ती बाळंतिणीपाशी बसली. शिडाच्या दोरीने सोललेले हात तिने पोटावर टेकले. हळूहळू तिने बाळाला वळवलं. बाहेर धाकू भिंतीला पाठ लावून उभा होता. किती वेळ गेला, ते त्याला कळलं नाही. मग आतून एक टाहो ऐकू आला, कोवळा आणि खणखणीत. धाकू खाली वाळूत बसला आणि ओंजळीत तोंड लपवून रडला. त्या अंगणात असा टाहो ऐकू यायचा राहिला होता.

भरती आली तेव्हा कालवं काढणाऱ्या बायका होडीने बेटावर पोहोचल्या. भिवरा बाहेर आली आणि सगळ्यांसमोर धाकूच्या पायांशी वाकली. मग त्या बायकांपुढे वाकली.

"माय, हे काय करतेस?" धाकू गोंधळून मागे सरला. "तू आमची सुईण!"

"आणि तुम्ही माझ्या," भिवरा म्हणाली. "पाण्यातून किती वेळा बाहेर काढलंत मला!"

पुढे काय झालं, तेही ऐका. आजवर भिवराच्या हाताखाली एकही मुलगी टिकली नव्हती. जरा चुकलं, की ती हातावर चापट मारी आणि घालवून देई. आता तिने बेटावरच्या दोन सुनांना सुईणपण शिकवायला घेतलं. त्या चुकल्या, घाबरल्या, रडल्या. भिवराने त्यांना जवळ घेतलं, चेष्टा करून हसवलं आणि पुन्हा पुन्हा तेच शिकवलं. दोघी तयार झाल्या, आणि त्यांच्या हाताखाली आणखी काहीजणी. त्यानंतर त्या बेटावरच्या कुठल्याच बाळंतिणीला भरतीची वाट बघावी लागली नाही.

बोध: आपल्याला सावरणारे हात जो विसरत नाही, त्याचेच हात पुढे दुसऱ्याला उभं करतात.