उठायचं बाकडं

व्यायामाच्या बाकड्यांतलं माझ्याइतकं जाणणारा गडहिंग्लजात दुसरा नाही. आता वजन मी जन्मात उचललेलं नाही. पण अठरा वर्षं तालमीचा अध्यक्ष आहे, तेवढं पुरे झालं.

तालमीतल्या पोरींची वजन उचलायची स्पर्धा जवळ आली, म्हणून आडवं पडून वजन मारायची बाकडी घ्यायला दुकानात गेलो. सोबत त्यांना शिकवणारी शकिला. शिरल्या शिरल्या मी सगळ्यांत गुबगुबीत बाकडं हेरलं आणि त्यात बुडालो.

"हेच घ्यायचं!"

"नको, नाना. ह्यात खांदे रुततात, हात डगमगतो. वजनाचा दांडा गळ्यावर आला तर पोरगी जायची. ते कडक घ्या."

"ती फळी? तिच्यावर पोरी झोपवायच्या का पापड वाळवायचे? अध्यक्ष कोण, तू का मी?"

दुकानदार लगेच माझ्या बाजूनं हसला.

"तुम्हीच की," शकिला गोड आवाजात म्हणाली. "बरं, बसून कसं वाटतंय?"

"असं वाटतंय, की उठूच नये!"

"तसली एक जागा तालमीत आधीच हाय, नाना. अठरा वर्षं झाली, तुम्ही तिच्यावरनं उठला नाहीसा. आता पोरींना उठता येईल असं काहीतरी घ्या."