बोटाखालचे नाव

"एकच नाव गाळायचं आहे, गुरुजी. तेवढंही आपल्याला जमणार नाही?"

आढाव गुरुजी चष्म्याच्या काचा पुसत राहिले.

चर्चच्या मागच्या खोलीत एज्रा तोरणे येरझारा घालीत होता. थोड्याच वेळात त्याला पाळकपणाची दीक्षा मिळायची होती. त्याला शास्त्र शिकवणारे वृद्ध आढाव गुरुजीच मंडळीपुढे उभे राहून त्याचे पूर्ण नाव पुकारणार होते. एज्रा लहानू तोरणे.

लहानू हे नाव गावाच्या चांगलेच लक्षात होते. एज्राचा हा बाप पूर्वी याच चर्चची झाडलोट करी. एका नाताळच्या तोंडावर त्याने प्रभुभोजनाच्या विधीतला चांदीचा प्याला विकला आणि ते पैसे दारूत घातले. पुढे त्याची दारू सुटली. गावाची आठवण सुटली नाही. तोरण्यांच्या घरी प्याला टिकत नाही, असे लोक अजून म्हणत आणि हसत.

"आज माझ्या हाती प्रभुभोजनाचा प्याला दिला जाणार," एज्रा म्हणाला. "त्याच वेळी ते नाव कानी पडलं, की मंडळी हसेल. मला हसले तर सोसेन. पवित्र विधीची विटंबना सोसणार नाही."

"तुला हसले तर सोसशील?"

एज्राने झग्याचे बंद सोडले, पुन्हा बांधले...

"वडील आलेत?"

"बाहेर बसलेत. आत या, असं मी म्हटलं नाही."

गुरुजींनी नवा करार त्याच्यापुढे सरकवला. "मत्तय, पहिला अध्याय. वाच."

"येशूची वंशावळ? ती मला पाठ आहे."

"मग वाचायला जड जाणार नाही."

एज्रा उभ्याउभ्याच घाईने वाचू लागला. अब्राहाम, इसहाक, याकोब... दावीद मागे पडला, राजांमागून राजे गेले. तो हिज्कीयापर्यंत आला, तेव्हा गुरुजींचे बोट पुढच्या नावावर पडले.

"वाच पुढे."

"बोट काढा, गुरुजी."

"कोण आहे बोटाखाली?"

"मनश्शे."

"कसा होता?"

"मूर्तिपूजक राजा. निरपराध्यांच्या रक्ताने त्याने यरुशलेम भरलं. पोटचा मुलगा आगीत होमला."

"प्याला विकणाऱ्यापेक्षा बरा होता म्हणायचा?"

एज्राने पुस्तक मिटू पाहिले. गुरुजींचे बोट हलले नाही.

"गाळ त्याला. पवित्र ग्रंथ आहे. विटंबना नको."

एज्राचा चेहरा तापला. "गाळता येतं, गुरुजी. योराम आणि उज्जीया यांच्यामधले तीन राजे खुद्द मत्तयाने गाळलेत."

गुरुजी प्रथमच हसले. "मत्तय जकातदार होता. चौदा-चौदा पिढ्यांचा मेळ बसवायचा होता त्याला... तुझ्या वंशातून तारणारा येईल, असा देवाने दाविदाला शब्द दिला होता ना?"

"दिला होता."

"तो शब्द त्या तिघांना वळसा घालून गेला?"

एज्राने वरच्या ओळी पुन्हा पाहिल्या. शास्त्राच्या परीक्षेत तो कधी अडला नव्हता.

"नाही. त्यांच्यातूनच गेला."

"आणि मनश्शे जन्मला, म्हणून देवाने शब्द मागे घेतला?"

"...नाही."

"मग वाच."

एज्राने पानाकडे पाहिले. बोटाच्या अलीकडे हिज्कीया होता. पलीकडे आमोन, आमोनाचा योशीया, आणि खाली, पुष्कळ खाली, योसेफ, मरीया... आणि ज्याच्या नावाने आज दीक्षा होती तो.

"याला गाळून पलीकडे जाता येत नाही," तो हळूच म्हणाला.

घंटा वाजू लागली. गुरुजींनी बोट उचलले, काठी घेतली आणि दार उघडले.

पायरीपाशी लहानू मंडळींच्या चपला ओळीने लावीत होता. घंटा ऐकताच त्याचे हात थांबले. अंगातला सदरा त्याने नीट केला. आत यायला तो उठला नाही. नुसता कान देऊन बसला.

एज्रा गुरुजींच्या खांद्यावरून पाहत होता. "गुरुजी... मला काय म्हणून पुकारणार आपण?"

गुरुजी दारातून बाजूला झाले.

"मी माझं बोट उचललं, एज्रा. आता तुझं उचल."