किरकिरीला मिळालेला डोळा

त्या राज्यात सगळी झाडे एकाच झाडाची होती. मधोमध उभ्या असलेल्या आलुबुखाराला सगळे थोरली म्हणत. दर वसंतात माळी तिच्या फांदीवरचे कोंबांचे कोवळे डोळे काढी आणि नव्या रोपांच्या सालीला चीर देऊन एकेक डोळा बसवी. तो फुटला की रोपाला राज्यात जागा मिळे. तोवर ते नुसतेच काहीतरी उगवलेले. राज्यात माणूस असा तो माळी एकटाच, आणि तोही झाडांच्या शब्दाबाहेर नव्हता.

पुढे झाडे आजारी पडू लागली. पानांवर फिकट कडी उमटत, फळे वेडीवाकडी होऊन पिकण्याआधीच गळत. कारभार पाहणारा जर्दाळू हुशार होता, नेमका होता, आणि घाबरला की फार ठामपणे बोलत असे. त्याने ठामपणे उपाय सांगितला: जे झाड आजारी, त्याला थोरलीचा आणखी एक डोळा बसवायचा. तिचे अंग लागले की बरे वाटणारच. आणि आजाऱ्यांना बरे वाटेही, आठ-दहा दिवस. मग ती जास्तच खंगत, आणि त्यांना तिसरा डोळा बसवण्यात येई. यात कोणालाच काही वावगे दिसले नाही. थोरलीवर शंका घ्यायची म्हणजे आपल्या जन्मावरच शंका घ्यायची.

शंका घेतली ती थोरलीनेच. तिच्या स्वतःच्या पानांवर एक ठिपका नव्हता, फळे गोड होती, आणि सगळे राज्य तिच्या पाया पडत होते. अशा वेळी हे सुचणे सोपे नसते. कुंपणालगतची बियांतून उगवलेली रानझाडे, ज्यांना कोणी कधी डोळा दिला नव्हता, ती त्याच मातीत आणि त्याच पाण्यावर ठणठणीत होती. थोरलीने हिवाळाभर त्यांच्याकडे पाहिले. वसंत आला, दोनशे रोपे डोळ्यासाठी रांगेत उभी राहिली, माळ्याने चाकूला धार लावली, तेव्हा ती म्हणाली, "थांबा. या पोरांना माझा डोळा द्यायचा नाही. आधी तो किरकिरीला द्या."

किरकिरी म्हणजे कुंपणापाशी वाढलेली एक सप्ताळू, पीचचे झाड. ऊन चढले की तिची पाने आवळत, वारा फिरला की ती पिवळी पडे, पण तिच्या पानांवर कडी मात्र कधी उमटली नव्हती. राज्यात तिची बरीच थट्टा चाले.

"थोरल्या आई, शेजारचं झाड शिंकलं तरी ती आडवी होते!" जर्दाळू म्हणाला. "तिला काही झालं तर त्यात तुमचा काय दोष?"

"म्हणून तर तीच हवी," थोरली म्हणाली. "मला काही झालंय का ते माझ्या अंगावर दिसत नाही. तिच्या अंगावर लगेच दिसेल."

मग तिने किरकिरीला विचारले. हुकूम नाही केला, विचारले. "बाळ, यात तुझा जीव जाऊ शकतो. नको म्हणालीस तरी मला राग नाही."

"तुमचा डोळा मिळावा म्हणून मी लहानपणापासून वाट बघतेय," किरकिरी म्हणाली. "असा मिळेल असं मात्र वाटलं नव्हतं. बसवा. पण मला जे होईल ते मी बोलून दाखवणार. उगाच बरं आहे म्हणणार नाही."

"तेवढंच हवंय मला."

डोळा जीव धरून फुटला. पहिले पान हिरवेगार आले आणि जर्दाळूने लगेच सगळीकडे आनंदाची बातमी कळवली. दुसरे पानही चांगले आले. सहाव्या आठवड्यात नवी पाने पिळवटलेली निघाली, शिरा पिवळ्या पडल्या आणि मधोमध फिकट कडी उठली.

"आलं, थोरल्या आई," किरकिरी म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.

जर्दाळूने उन्हाला दोष दिला, पाण्याला दिला, वाऱ्याला दिला. थोरलीने ती पाने बराच वेळ न्याहाळली. "माझंच आहे ते," ती म्हणाली. "कारभारी, मला काढा."

राज्यात आकांत झाला. डोळे नका देऊ, पण नुसत्या उभ्या राहा, आम्हाला तेवढाच आधार, असे सगळे विनवू लागले.

"मावा येतो," थोरली म्हणाली. "एवढासा किडा. माझ्या पानावर दोन घोट घेतो आणि उडून तुमच्या पानावर बसतो. कुंपणापर्यंत तो अजून पोचला नाही, एवढंच. मी नुसती उभी राहिले तरी तुम्हाला हे देतच राहीन. ही पोरं डोळ्यावाचून राहिली तरी चालतील. निरोगी झाड सापडेपर्यंत थांबू दे त्यांना." मग ती माळ्याकडे वळली. "आणि बुंध्याशी थांबू नका हो, मुळं उपटा. माझ्या मुळांना फुटवे येतात. पुन्हा उभं राहायची मला फार हौस आहे, मी ओळखून आहे स्वतःला."

त्याच दुपारी काम झाले. रोग आता आपल्यातही आहे, तर आपल्याला आधी काढा, असे किरकिरीने सांगितले, कारण थोरली पडताना तिला बघवले नसते. तिची मुळे एका झटक्यात निघाली. थोरलीला संध्याकाळपर्यंतचा वेळ लागला.

आता कारभाऱ्याने काहीतरी बोलायचे होते. सगळे त्याच्याकडे पाहत होते. जर्दाळूने अंगातले बळ एकवटून आपली एक फांदी हलवली. पिकलेले एक फळ खालच्या दगडावर पडून फुटले.

त्याच्याही पानांवर कधी डाग नव्हता. त्याचा रोग कोयीवर उमटत असे, गराच्या आत, जिथे कोणी पाहत नाही. तीन वर्षे तो आपली पडलेली फळे पाचोळ्याखाली झाकत आला होता. आता ती कोय उघड्यावर पडली होती, आणि तिच्यावरची पांढुरकी कडी शेवटच्या रांगेतल्या झाडांनाही दिसत होती.

"माळीबुवा," जर्दाळू म्हणाला, "इकडे या."

माळ्याने कुऱ्हाड उचलली. तो दोन पावले चालला असेल-नसेल, तोच मागच्या रांगेतल्या एका झाडाने आपली फांदी हलवली आणि एक फळ पडून फुटले. मग त्याच्या शेजारच्या झाडाखाली आणखी एक.