नाव न घेता मागणारे तिघं

एका राज्यात ग्रंथांचा एक महाल होता. महाल एवढा मोठा, की एका टोकाला ऊन पडलं तरी दुसऱ्या टोकाला पहाटच असे. दारात सोन्याच्या दांडीवर एक साळुंकी बसे. तिला महालातला प्रत्येक ग्रंथ आणि त्याचा कोनाडा ठाऊक होता. पण तिथली रीत अशी, की वाचकाने ग्रंथाचं पूर्ण नाव सांगावं, तरच सेवकाने साळुंकीला विचारावं. नाव ठाऊक नसेल त्याला एकच उत्तर, "नाव घेऊन या." तहानलेल्याला विहिरीचं गोत्र विचारण्यातलाच हा प्रकार, पण सेवकांना त्यात वावगं वाटत नसे. ते मागच्या दाराने येत, गादीवर बसत आणि मागच्याच दाराने घरी जात.

मुख्य ग्रंथपाल सोमदत्त. विद्वान मोठा, पण बसल्या गादीवरून उठणं त्याला माहीत नव्हतं. एके दिवशी एक म्हातारी नातीला घेऊन आली. नातीची दृष्टी मंदावत चालली होती. डोळ्यांवरचा उतारा सांगणारा ग्रंथ म्हातारीला हवा होता, त्याचं नाव तिला येत नव्हतं. सोमदत्ताने मान वर न करता दाराकडे बोट दाखवलं. म्हातारी चेटकीण होती. तिला शाप देता येत होते, डोळे देता येत नव्हते.

"उठला नाहीस, आता उठूच नकोस," ती म्हणाली. "पायांपासून दगड चढत जाईल. नाव न घेता मागणारे तिघं या दारी येतील. तिघांना हवं ते मिळालं, तर सुटशील. एक जरी विन्मुख गेला, तर दगड काळजाला भिडेल."

तिची पाठ वळते न वळते तोच सोमदत्ताचे तळवे दगडाचे झाले.

त्याला कुंतला नावाची एकुलती एक लेक होती. आईमागे त्यानेच तिला वाढवलं, मांडीवर बसवून अक्षरं शिकवली. ती मांडी आता दगडाची होणार, या विचाराने तिच्या घशाखाली घास उतरेना. राजाने महालाच्या किल्ल्या तिच्या हाती दिल्या आणि सांगितलं, "ग्रंथपाल वाचला तर महाल उघडा राहील. नाहीतर टाळं."

पहिला आला तो राक्षस. सेवक कपाटांमागे दडले. "निळा ग्रंथ हवा," राक्षस गरजला. कुंतलेने त्याला बसायला दिलं आणि त्या ग्रंथात काय होतं ते विचारलं. राक्षसाचा आवाज एकदम खाली आला. त्याची आई त्यातून अंगाई म्हणत असे. कुंतलेने साळुंकीला तसंच, नावाशिवाय, विचारलं. साळुंकी म्हणाली, असं मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं, आणि तिने कोनाडा सांगितला. राक्षस ग्रंथ उराशी धरून गेला.

"उरलेल्या दोघांनाही मीच सांभाळीन," कुंतला म्हणाली.

"ते तुझ्याकडे येणार नाहीत," साळुंकी म्हणाली. "रीत साऱ्या महालाची होती. शापही साऱ्या महालाला आहे."

तेव्हा कुंतलेने मागच्या दाराला कुलूप घातलं. रोज सकाळी प्रत्येक सेवकाने वाचकांच्या दाराने यावं, अनवाणी उन्हात उभं राहावं आणि नाव न घेता एक ग्रंथ मागावा. दुसऱ्याने तो ओळखून द्यावा. पहिल्या दिवशी हसं झालं. मग पाय पोळले आणि हसणं थांबलं. कसं विचारावं, कसं ऐकावं, हे एकेकाला उमजू लागलं. एकटा विरूपाक्ष मात्र कुरकुरत राही. म्हातारपणी असले खेळ शोभत नाहीत, असं त्याचं म्हणणं. त्याला शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

दुसरी आली ती यक्षीण. ती काही मागेचना, खांबाआड नुसती उभी. एका सेवकाने ते हेरलं, जवळ जाऊन हलकेच विचारलं. तिला वाचता येत नव्हतं. तो तिच्याशेजारी बसला आणि तिला वाचून दाखवत राहिला. यक्षीण हसत गेली, पण दगड सोमदत्ताच्या बरगड्यांना टेकला होता.

तिसरी आली ती तीच म्हातारी, नातीचा हात धरून. दाराजवळच्या गादीवर त्या दिवशी होता विरूपाक्ष.

कुंतला बापाशेजारून पाहत होती. ती धावणार, तोच साळुंकी म्हणाली, "आज तू गेलीस, तर विरूपाक्षाला हे कधीच येणार नाही." कुंतलेने बापाचा हात घट्ट धरला. तो गार पडत चालला होता.

"नाव घेऊन..." विरूपाक्षाच्या तोंडून सवयीने निघालं. मग त्याची नजर नातीच्या अनवाणी पायांवर गेली. सकाळचं ऊन त्याच्या तळव्यांना आठवलं. तो गादीवरून उठला.

"सावलीत बसा, आजी. काय झालंय पोरीला?"

म्हातारीने सांगितलं. त्याने साळुंकीला विचारलं. साळुंकी म्हणाली, "महालात असा ग्रंथ नाही."

कुंतलेला वाटलं, म्हणजे सगळं संपलं.

"मग कुठे आहे?" विरूपाक्षाने विचारलं.

"तळ्यापलीकडे, वैद्याच्या आश्रमात."

विरूपाक्षाने पागोटं चढवलं, नातीला खांद्यावर घेतलं. "चला आजी. वाट निसरडी आहे, मी येतो बरोबर."

त्याने उंबरा ओलांडला आणि कुंतलेच्या हातातला हात ऊबदार झाला. म्हातारी विन्मुख गेली नव्हती; भिंतीचा गिलावा गळावा तसा दगड गळून पडला. तिने बापाला मिठी मारली आणि पोटभर रडली.

वैद्याच्या उताऱ्याने नातीला दिसू लागलं. राजाने मागचं दार चिणून टाकलं. सकाळचा पाठ मात्र चालूच राहिला, आणि तो आता विरूपाक्ष घेई.

सोमदत्त सुटला त्याच दुपारी दारात एक गाडीवान घुटमळत होता. मला काय हवंय तेच नीट सांगता येत नाही, म्हणाला. सोमदत्त नव्या पायांनी, भिंतीला धरत धरत त्याच्यापर्यंत चालत गेला, त्याला हाताला धरून आत आणलं आणि आपल्या गादीवर बसवलं.

"सावकाश सांगा," तो उभ्यानेच म्हणाला. "मी ऐकतोय."