माहेरवाटेचे दगड

पूर्वी अश्मक देशात, पोतली नगरीत क्षेमंकर राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व एका वाट बांधणाऱ्याच्या घरी जन्माला आला होता. त्याचे नाव पालित. बापाने पोतलीपासून डोंगरमाथ्यावरच्या गावांपर्यंत घाटाची वाट बांधली आणि बापामागे पालित तिचा राखणदार झाला. दरबारात त्याला मार्गपाल म्हणत. डोंगरावरचे लोक मात्र त्याला जावईबापूच म्हणत, कारण त्याची बायको सामा वरच्या करंजगावची लेक होती. पालिताचे केस पिकले, दात पडले, सामा जाऊनही बराच काळ लोटला, तरी त्याचे जावईपण काही सुटले नव्हते.

ही वाट ओढ्याच्या काठाकाठाने चढत जायची. वर करंजांची सावली, शेजारी बैलांना प्यायला पाणी आणि दरीच्या अंगाला काळ्या घडीव दगडांची भिंत. त्या भिंतीची एक रीत होती. डोंगरावरची लेक लग्न होऊन खाली निघाली, की नवरदेवाने खालच्या खाणीतला एक दगड आणायचा. लेकीने तो स्वतःच्या हाताने भिंतीत बसवायचा, त्यावर हळदीचा पंजा उमटवायचा आणि माहेरची वाट शाबूत राहो, एवढेच मागायचे. बसवलेला दगड पुढे कुणी हलवायचा नाही. दुसऱ्या कुणी हलवला तर त्या लेकीचे माहेर तुटते, असे सगळे मानत.

पालिताने आपल्या लग्नात सासुरवाडीवर छाप पाडायला म्हणून खाणीतला सर्वांत मोठा दगड उचलला होता. अर्ध्या घाटात त्याचे पाय लटपटू लागले. मेहुण्यांनी दोन्ही बाजूंनी हात लावला तेव्हा कुठे तो जागेवर पोचला. सामा पदराआड इतकी हसली, की तिचा हळदीचा पंजा दगडावर तिरका उमटला. हळद पहिल्याच पावसात धुऊन गेली. दगड राहिला. सामा गेल्यावर पालित जाता-येता त्या दगडापाशी टेकायचा आणि घरातल्या चार गोष्टी तिला सांगायचा. सून कशी आहे, गाय व्याली का, गुडघा फार दुखतो. लोक हे पाहत आणि न पाहिल्यासारखे करून पुढे जात.

मग एका वर्षी पाऊस लागला तो थांबेचना. डोंगराचा एक अख्खा पाखा सुटला, दरड ओढ्यात आली आणि वाट ठिकठिकाणी तुटली. वरच्या गावांचा खालच्या जगाशी संबंध संपला. लोक मिठावाचून भाकरी खाऊ लागले. आजाऱ्याला खाली आणायचे तर दोघांनी दोराला लोंबकळत उतरायचे, आणि त्यात आजारी वाचेलच असे नाही.

पाऊस उघडल्यावर राजाने पालिताला बोलावले.

“पालिता, वाट होती तशी करून दे,” राजा म्हणाला. “वसंतोत्सवाला माझी मिरवणूक त्या वाटेने वर जाईल. काम झालं, की एक गाव तुला पिढ्यान्‌पिढ्या इनाम.”

पालिताला इनामापेक्षाही ‘होती तशी’ हे शब्द फार गोड लागले. त्याला तरी दुसरे काय हवे होते? बापाची वळणे, ओढ्याचा आवाज, करंजांची सावली, सामाचा दगड. म्हातारपणाची हाडे विसरून तो कामाला लागला. मजूरही उत्साहाने राबले. कुणी सांगितले नव्हते, तरी लेकींच्या दगडांना कुणाची पहार लागली नाही. भिंत जिथे फुगली होती तिथे ती उतरवून पुन्हा रचायला हवी होती. तसे न करता मजुरांनी बाहेरून मातीचा भराव दिला आणि फटी लिंपून घेतल्या. पालिताला ते दिसत होते. पण उतरवा म्हणायला त्याची जीभ वळली नाही.

वाट चालू झाली, तेव्हा वरच्या गावांनी गुढ्या उभारल्या. मिठाच्या गोण्या लादलेला पहिला तांडा घाट चढू लागला आणि नेमका त्याच वेळी अवकाळी पाऊस कोसळला. लिंपलेल्या भिंतीमागे पाणी साचले. तांड्याचा शेवटचा बैल वळणावर आला असताना भिंत खालून सुटली. हाकणाऱ्याला लोकांनी धोतराला धरून मागे ओढले. बैल गेला. त्याच्या गळ्यातली घंटा बराच वेळ खालून ऐकू येत होती.

दुसऱ्या दिवशी पालित दोर बांधून दरीत उतरला आणि भिंतीच्या पायथ्याशी पोचला. दरडीमुळे ओढ्याने अंग बदलले होते. पूर्वी तो भिंतीपासून थोडे अंतर राखून वाहायचा, आता वाटेचा पाया कुरतडत चालला होता. कितीही डागडुजी केली तरी पुढच्या पावसाळ्यात ही वाट माणसांसकट जाणार, हे त्याला लख्ख कळले. नवी वाट डोंगराच्या शेजारच्या सोंडेवरूनच काढायला हवी होती. ती सोंड उघडी, उन्हाची, पाण्याचा थेंब नाही, पण पक्की. अडचण एकच होती. सोंडेवर नुसता मुरूम, भिंतीला दगड नाही. खाणीतून दगड वर आणायचा तर आधी वाट हवी. जवळ होता तो दगड जुन्या भिंतीचा. म्हणजे लेकींचा.

अमात्य कालसेन काम पाहायला आला होता. त्याने सगळे ऐकून घेतले.

“मार्गपाल, इतका घोळ कशाला?” तो म्हणाला. “उत्सव तोंडावर आलाय. तेवढं वळण लिंपून घ्या. महाराज वर जाऊन येतील, गाव तुमच्या नावावर होईल. पुढं पावसात वाट गेली, तर पावसाला कोण जाब विचारतंय?”

“पावसाला कुणी विचारणार नाही, अमात्य,” पालित म्हणाला. “पण मिरवणूक एकदाच जाणार. बाकीची माणसं रोज जातात.”

पालिताने वळण लिंपले नाही, म्हणून मिरवणूक झाली नाही. राजा रागावला. इनामाचे गाव कालसेनाने दुसऱ्याच कुणाच्या, म्हणजे स्वतःच्या मेव्हण्याच्या, पदरात पाडून घेतले. पालिताच्या मुलानेही त्याच्याशी काही दिवस धड बोलणे टाकले. पालित मात्र काठी टेकत, तुटल्या वळणापाशी दोर धरून, करंजगावी गेला आणि पारावर बसून सगळ्यांना खरे ते सांगितले.

सामाच्या भावाची विधवा अंबिला ही गावातली सर्वांत वडीलधारी. तिची नात रोहिणी पोतलीत दिलेली होती. तिला दिवस गेले होते आणि पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे होते. अंबिलेने सगळे ऐकले आणि मान हलवली.

“वाट बांधा नाहीतर नका बांधू, जावईबापू. त्या दगडांना हात लावायचा नाही. माझी नात तिकडं परक्या घरात पोटुशी आहे. तिचा दगड उपटला आन्‌ तिला काही झालं, तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?”

“वहिनी, पावसात तो दगड ओढ्यात जाणारच आहे.”

“देवानं नेला तर देवानं नेला. माणसानं काढू नये.”

इतके दिवस पालितही मनातल्या मनात हेच म्हणत आला होता.

तो तिथून उठला आणि पहार घेऊन सामाच्या दगडापाशी गेला. मजूर दूर जाऊन उभे राहिले. ऊन करंजांतून खाली उतरत होते आणि ओढा वाजत होता. पालिताने दगडावर हात ठेवला.

“सामे,” तो म्हणाला, “तू गेलीस तरी मी इथं येऊन बोलत होतो. आता कुठं बोलू ते मला ठाऊक नाही. पण तुझ्या माहेरची माणसं या वाटेवर मरतील. तूच सांग, मी काय जपू?”

त्याला रडू आले आणि त्याने ते लपवले नाही. मग पहार घातली. दगड हलला. त्याने तो तोडलेल्या फांदीवर दोराने बांधला आणि सोंडेकडे ओढत नेऊ लागला. थांबत होता, बसत होता, पुन्हा ओढत होता. मजुरांपैकी कुणी हात लावेना. त्यांना अंबिलेची भीती होती आणि रीतीचीही. सोंडेच्या तोंडाशी त्याने पाया खणला आणि दगड अगदी तळाशी बसवला. सर्वांत मोठा दगड तळाशीच घालायचा असतो, हे त्याला बापाने शिकवले होते.

त्या दिवशी कुणीच आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पालित पुढचा पाया खणत असताना मागून आवाज आला.

“लग्नातसुद्धा हा दगड तुम्हाला झेपला नव्हता. माझ्या नवऱ्यानं धरला नसता, तर तुम्ही दगडासकट ओढ्यात गेला असता.” अंबिला उभी होती. तिचे डोळे सुजलेले होते. “दुसऱ्यानं हलवला तर माहेर तुटतं. ज्या हातानं बसवला त्याच हातानं काढला तर?”

“तर माहेर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर गेलं, एवढंच,” पालित म्हणाला.

“मग खाली सांगावा धाडा. येऊ देत पोरींना.”

सांगावा गेला आणि पोतलीतून, वाटेवरच्या वाड्यावस्त्यांतून, शेतांतून, सासरी नांदत असलेल्या लेकी घाटाकडे निघाल्या. कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या केसांत रुपेरी बटा. एरवी एक आषाढात यायची, तर दुसरी दिवाळीला, त्यामुळे बरोबरीच्या मैत्रिणींनी एकमेकींना कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. आता भिंतीपाशी त्यांची अशी गाठ पडली, की पहिला दिवस गळ्यात पडण्यातच गेला आणि काम काही झाले नाही. प्रत्येकीला आपला दगड बरोब्बर ओळखता येत होता. यावरून दोघींचे जोरदार भांडणही झाले आणि ते पालिताला मिटवावे लागले. ज्या हयात नव्हत्या, त्यांचे दगड त्यांच्या मुलींनी काढले. रोहिणीला घाट चढवेना. ती नवऱ्याच्या खांद्याचा आधार घेत, जिथे तिचा दगड होता त्या खालच्या वळणापर्यंत आली. पोटुशीने जड उचलू नये म्हणून तिने आपल्या दगडाला नुसता हात लावला आणि अंबिलेने तो उचलून नेला.

दगड हलताना प्रत्येकीच्या डोळ्यांत पाणी यायचे आणि नव्या जागी बसला की गाणे सुरू व्हायचे. पालिताने या वेळी घाई केली नाही. डोंगराच्या अंगाला पाणी वाहून जायला चर खणला. भिंतीत मुद्दाम फटी ठेवल्या, म्हणजे मागे पाणी तुंबणार नाही. वळणे सैल ठेवली. वाट बापाच्या वाटेइतकी देखणी झाली नाही, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

पावसाळा आला. पहिल्याच मोठ्या पावसात जुनी वाट वळणांसकट, करंजांसकट ओढ्यात बसली. सोंडेवरची वाट भिजत उभी राहिली. ही बातमी पोतलीत पोचल्यावर राजा स्वतः पायी वर आला. पालिताचा हात धरून तो म्हणाला, “मी तुझ्यावर उगाच रागावलो. काय देऊ सांग.” पालित म्हणाला, “महाराज, दरवर्षी पावसाआधी चर उपसायला माणसं द्या. वाट बांधायची सगळ्यांना हौस असते, राखायचा मात्र कंटाळा येतो.” राजाने ती माणसे दिली, आणि दिलेला शब्द पाळलाही.

श्रावणात भर पावसात रोहिणीची डोली घाट चढत आली. सोंडेच्या तोंडाशी तिने डोली थांबवली. शेजारून काठी टेकत चाललेल्या पालिताला तिने विचारले, “आजोबा, सामाआजीचा दगड कुठाय?”

“इथंच कुठंतरी, खाली. वर इतके थर चढले, की मलासुद्धा आता नेमका सांगता येत नाही.”

“मग मी पाया कुठं पडू?”

“पडू नकोस, बाळ,” पालित म्हणाला. “चल पुढं. वर तुझी वाट बघताहेत.”

एका विहाराची जुनी, सावलीची वाट पुरात गेली आणि भिक्षू ती आठवून हळहळत बसले, तेव्हा त्यांच्या गुरूंनी, शास्त्यांनी, त्यांना ही कथा सांगितली. सांगून झाल्यावर त्यांनी त्या जन्माची आणि या जन्माची गाठ घालून दिली: “तेव्हाचा कालसेन म्हणजे देवदत्त. राजा क्षेमंकर म्हणजे आनंद. अंबिला म्हणजे गौतमी. जिचा दगड त्या वाटेच्या तळाशी गेला, ती सामा म्हणजे राहुलची माता. आणि पालित मी होतो. भिक्षूंनो, घरात जास्तीचं असतं ते लोक सहज देतात. मी त्या जन्मी जे उराशी धरून ठेवावंसं वाटत होतं, ते लोकांच्या पायाखाली घातलं. ती माझी दानपारमिता.”

भिक्षू उठले आणि कुदळी शोधू लागले.