ऋजुकेच्या हाताचं माप

कोणी म्हणजे कोणी विशोकेचं खरं मानलं नाही. तिने पतीला सांगितलं, पतीच्या शिष्यांना सांगितलं, यज्ञासाठी जमलेल्या ऐंशी ऋषींपुढे पदर खोचून सांगितलं, की दोष माझा आहे. आणि ऐंशीच्या ऐंशी दाढ्या नकारार्थी हलल्या.

पूर्वी कृतयुगात, जेव्हा वृक्ष मागितल्यावाचून फळं देत आणि देव निमंत्रणावाचून जेवायला येत, तेव्हा सुवेणा नदीच्या तीरी महर्षी आर्जवांचा आश्रम होता. विशोका ही त्यांची पत्नी. तिथे तमालवृक्षांच्या छायेत हरिणी निःशंक विसावत, सामगानाने पहाट उजळे आणि होमधूमाने अशोकाची पालवीसुद्धा सुगंधी होई. पण तपोबलाने उन्मत्त झालेल्या शुष्क नावाच्या असुराने सुवेणा एका घोटात पिऊन टाकली. हरिणी गेल्या, पालवी करपली, वासरं तोंडात फेस आणून पडू लागली. देवगुरूंनी उपाय सांगितला, की पंख पसरलेल्या श्येनाच्या, म्हणजे ससाण्याच्या, आकाराची सहस्र विटांची वेदी रचा. दक्षिणायन लागण्यापूर्वी तिच्यावर अग्नी प्रकटला, तर त्याच्या तेजाने इंद्राचं वज्र शुष्काचं पोट फाडील. मात्र दोन विटांमध्ये दर्भाची काडी जाईल इतकीही फट नको.

फट पडली. एकदा नाही, तीनदा.

वृद्ध शिल्पी वारल्यापासून विटांचं काम विशोकेकडे होतं; मापाची दोरी तिच्या कमरेला असे. दोरी लावून तिने साचे करावेत, शिष्यांनी ओली माती दाबावी, विटा उन्हात वाळाव्यात, आव्यात भाजाव्यात, आणि प्रत्येक वीट बोटभर तोकडी निघावी. घराच्या भिंतीत ते खपत असे, चिखल भरून भागत असे. वेदीत खपेना. तिसऱ्या खेपेला तिने अंदाजाने साचे वाढवले, तर पंखाच्या विटा मोठ्या आणि शेपटीच्या लहान झाल्या.

“ही शुष्काची माया!” दीर्घश्मश्रू ऋषी गर्जले. त्यांची दाढी नाभीपर्यंत होती आणि मतं त्याहून लांब. “तो दुरात्मा अदृश्यरूपाने येऊन विटा आखडवतो!”

“त्याला दुसरा उद्योग नाही का?” विशोका म्हणाली. “माती वाळताना आकसते, भाजताना आणखी आकसते. किती, ते मातीच्या खोऱ्याखोऱ्याला बदलतं. ते फक्त माझ्या लेकीच्या, ऋजुकेच्या हाताला कळतं. मी त्या पोरीला नाउमेद केलं. दोष माझा.”

“भगवती, मायेपोटी बोलता आहात. जी कन्या पीठसुद्धा तीनदा मापून घेते, ती श्येन रचणार? मग आम्ही पोळ्या लाटायला बसतो!”

ऋषी हसले. आर्जव हसले नाहीत, ते सौम्यपणे म्हणाले, “देवी, तुझ्यासारख्या साध्वीच्या हातून असं पाप घडणार नाही.” तो विश्वास विशोकेला चटक्यासारखा लागला.

बारा वर्षांपूर्वी, आठ वर्षांच्या ऋजुकेने साच्यावाचून, नुसत्या हातांनी एक वीट थापली होती. विशोकेने ओल्या विटेला दोरी लावली. वीट बोटभर जास्त. त्या दिवशी पाहुणे फार होते, डोकं तापलं होतं. ती म्हणाली, “तुझ्या हाताला माप नाही.” शिष्य खो खो हसले. पोरीने गवताला हात पुसले आणि ती निघून गेली. तेव्हापासून ती मातीच्या टोपल्या वाही. घडवायला कधी बसली नाही.

विशोका आता तिच्यासमोर जाऊन बसली. “ऊठ बाळे. वेदी तुलाच रचायची आहे.”

“माझ्या हाताला माप नाही, माते,” ऋजुका म्हणाली. रागाने नव्हे, आपले डोळे काळे आहेत, असं सांगावं तशी.

तेव्हा विशोकेने कोरड्या नदीपात्रात, तापल्या वाळूवर, एका पायावर उभं राहून वाग्देवीचं तप आरंभलं. सातव्या दिवशी शुभ्रवसना, मंदस्मिता देवी प्रकट झाली.

“माते, मी माझ्या लेकीला शाप दिला. त्याला उःशाप दे.”

“तुझ्या वाणीत शाप देण्याइतकं तप तेव्हा नव्हतं, आजही नाही,” देवी म्हणाली. “शाप असता तर उःशाप दिला असता. तू नुसतं बोललीस. पोरीने ते खरं मानलं. त्याला माझ्याकडे काही औषध नाही.”

“मी तर सगळ्यांना सांगते आहे, की दोष माझा!”

“अर्धाच सांगतेस. म्हणून कोणाला पटत नाही. पोरीची ती वीट भाजून आवा उघडला तेव्हा काय झालं, ते सांगितलंस?”

विशोकेने वर धरलेला पाय खाली टेकला. वाळूत बसून ती खूप रडली, आणि मग उठून आश्रमात गेली.

तिने धान्याच्या कणगीखालची जमीन खणायला लावली. बारा वर्षं पुरलेली ऋजुकेची वीट भर यज्ञमंडपात आली. विशोकेने कमरेची दोरी काढून ऋजुकेच्या हाती दिली. “लाव.”

ऋजुकेने लावली. केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही.

“आवा उघडला तेव्हा बाकी सगळ्या विटा तोकड्या होत्या, तुझी बरोबर होती,” विशोका म्हणाली. “मी पाहिलं. दोरी माझ्या कमरेला. आठ वर्षांच्या पोरीपुढे मी चुकले असं म्हणायची मला लाज वाटली. म्हणून पुरली. एवढंच कारण. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.”

मंडपात एकही दाढी हलली नाही. आर्जवांनी मान खाली घातली.

“बारा वर्षं, माते,” ऋजुका म्हणाली. “रोज तू मला टोपली उचलताना पाहत होतीस.”

“पाहत होते.”

ऋजुकेने दोरी जमिनीवर टाकली. पाया पडली नाही, गळ्यात पडली नाही. मातीच्या ढिगाकडे गेली, मूठभर माती चुरगाळून पाहिली आणि पहिली वीट थापली. वीट वाकडी झाली. तिने ती मोडली, पुन्हा थापली. दक्षिणायनाला एक दिवस उरला असता सहस्रावी वीट श्येनाच्या चोचीत बसली आणि ऐंशी ऋषी दर्भाच्या काड्या घेऊन फट शोधत फिरले; कोणालाही सापडली नाही. अग्नी प्रकटला, विद्युल्लतेसारखं वज्र कोसळलं, शुष्काचं पोट फाटलं आणि सुवेणा फेसाळत, गर्जत पात्रात परतली.

देवी पुन्हा प्रकट होऊन म्हणाली, “विशोके, वर माग. दोष पुसून देऊ?”

“पुसू नकोस,” विशोका म्हणाली. “कोणाच्याही बोलण्याने कोणाचा हात आखडला असेल, तर त्याने तो दोष माझ्या माथी मारावा आणि कामाला लागावं.”

“तथास्तु,” देवी म्हणाली.

ऋजुकेने आईला क्षमा केली का? कथा सांगणारे म्हणतात, केली नाही. पण तिच्या परंपरेतले शिल्पी आजही ओल्या मातीत हात घालण्यापूर्वी एकमेकांना मोठ्याने विचारतात, “माप कोणी चुकवलं?” हा प्रश्न पहिल्यांदा ऋजुकेनेच विचारला, आणि मातीची टोपली डोक्यावर घेऊन मागे उभ्या असलेल्या बाईने, सगळ्यांच्या आधी, उत्तर दिलं: “विशोकेने.”